मामलेदाराची टाकी

११ नोव्हेंबर, सोमवार

पोहोचले एकदाची. फलटणहून निघताना आईने चकल्यांचा डबा, लाडवांचा डबा आणि वर एक रिकामा डबा दिला, तो कशाला ते तिलाच ठाऊक. अंबरनाथला उतरून रिक्षावाल्याला पालेगाव म्हटलं, तर त्याने विचारलं, कुठला टॉवर? म्हटलं, टॉवर नाही, कासवांचं केंद्र. तो मागे वळून माझ्याकडे टकामका बघायला लागला. शेवटी मीच ओरडले, बाबा रे, समोर बघ.

जागा मला आवडली. बंद पडलेल्या कारखान्याची एक लांबलचक शेड आमच्या ट्रस्टला मिळाली आहे. आत सिमेंटच्या कमरेएवढ्या टाक्यांची रांग, वर हिरवी जाळी आणि प्रत्येक टाकीत एक कासव. एकत्र ठेवली तर चावाचावी करतात. चारी बाजूंनी इमारती चढताहेत, पण समोर भाताचं एक खाचर अजून शिल्लक आहे आणि त्यात बगळे येतात. रांगेच्या टोकाला माझी खोली. खिडकी थेट टाक्यांवर उघडते, म्हणजे उठल्या उठल्या दर्शन! माझ्या आधी इथे जिज्ञासा नावाची मुलगी होती. ती दिवाळीआधी घाईत गेली म्हणे. घाई खरंच असणार, कारण फळीवर तिचा कंगवा आहे, चष्मा आहे, खाली चपलासुद्धा आहेत.

शशिकांत सर इथले प्रमुख. बँकेतली चांगली नोकरी सोडून या कामात पडले. कासवांबद्दल बोलताना त्यांच्या डोळ्यांत पाणी येतं, आणि ते खोटं नाही, मला माणसं कळतात. त्यांनी सगळं समजावून सांगितलं. दोनेक वर्षांपूर्वी उल्हासनगरच्या बाजारात एका दुकानावर धाड पडली. काचेच्या पेट्यांमागे पोत्यांमधून ही कासवं निघाली. आपल्या तळ्याविहिरींतलीच, मऊ पाठीची, मागच्या पायांवर कातडीची झडप असलेली. ती पाळणं, विकणं, सगळं बेकायदा. त्या दुकानदाराने प्रत्येकाच्या कवचाच्या मागच्या कडेला भोक पाडून दोरी ओवली होती. आता ही कासवं म्हणजे खटल्यातला मुद्देमाल. निकाल लागेपर्यंत कोर्टाला ती जिवंत आणि सगळीच्या सगळी दाखवावी लागतात. निकाल लागला की नदीत.

आजवर किती सोडली, असं विचारल्यावर सर हसले. एकही नाही. ठीक आहे. यातलं एक तरी मी माझ्या हाताने उल्हास नदीत सोडणार. हे मी इथे लिहून ठेवते, म्हणजे पुढे आळस करता येणार नाही.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

कामाची घडी बसली. सकाळी पाणी बदलायचं, मासळीचे तुकडे आणि गोगलगायी घालायच्या, मग कवचांवरचं शेवाळ मऊ ब्रशने काढायचं. हात दिवसभर ओले. मदतीला वेणूबाई आहेत. त्या पालेगावच्याच. त्यांच्या शेतावर आता सोळा मजले उभे आहेत, आणि त्या इमारतीचं कौतुकही त्याच सांगतात. स्वयंपाक झकास करतात.

मी कासवांना नावं दिली. एक फार ऐटबाज आहे. डावा डोळा पांढरा, उजवी झडप फाटलेली, पण खाऊ घालायच्या प्लास्टिकच्या मगाचा आवाज झाला की असा मान वर करून येतो जणू याच्याकडे अर्ज घेऊन लोक उभे आहेत. त्याचं नाव मामलेदार. वेणूबाई हसून हसून बेजार. म्हणाल्या, "कासवांना काय नावा ठेवतंस बाय, लगीन कर नि नवऱ्याला ठेव."

कोपऱ्यातल्या टाकीत एक मादी आहे. ती खात नाही. पुढचे पंजे भिंतीला लावून माझ्या खिडकीकडे बघत असते. तिला पाहुणी म्हणणार होते, पण वेणूबाईंनी चटकन विषय बदलला आणि आत निघून गेल्या.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

मामलेदार गेला.

तीन-चार दिवस तो पाण्यावर तिरका तरंगत होता, एक बाजू वर, एक खाली. छातीत पाणी झालं की असं होतं. मी सरांना रोज सांगत होते, डॉक्टर बोलवा. ते हो हो म्हणत होते. आज दुपारी पाणी बदलायला गेले तर मान लांब बाहेर आलेली, हलत नव्हती. मी टाकीपाशीच बसून रडले. वेणूबाईंनी चहा आणून दिला, पण त्यांना फारसं काही वाटलेलं दिसलं नाही. फडक्यात गुंडाळून सरांकडे दिला. पंचनामा वगैरे करायचा असणार.

२० नोव्हेंबर, बुधवार

सकाळी टाक्यांजवळ गेले तर मामलेदाराच्या टाकीत कासव होतं. मासळी खात होतं.

एक क्षण मी खुळ्यासारखी खूश झाले. मग नीट पाहिलं. दोन्ही डोळे काळेभोर, झडप शाबूत. कवचाच्या मागच्या कडेला मात्र भोक होतं. ताजं. कडेला पांढरा भुगा लागलेला, आणि हात लावला की ते अंग आक्रसून घेत होतं. सरांच्या टेबलाखाली ड्रिल पडलेलं होतं. त्याच्या टोकाला तोच भुगा.

मी भांडले. चांगली कडाकडा भांडले. सर चिडले नाहीत, खुर्ची पुढे ओढून मला बसवलं. मुद्देमाल कमी झाला तर समोरचा वकील त्यावरच बोट ठेवणार. केस पडली की दुकानदार सुटणार, आणि मग पुन्हा पोती भरणार. म्हणून एक मेलं की हरिचंद्रला सांगायचं. हरिचंद्र पालेगावचाच, तो पुढच्या तळ्यातून दुसरं धरून आणतो. "एक गेलं तर चालेल, केस राहिली पाहिजे. टेन्शन घेऊ नको, ही सिस्टीम आहे," असं म्हणताना त्यांच्या डोळ्यांत पुन्हा पाणी आलं.

पोत्यातून निघालेल्यांपैकी आता किती उरलीत, असं मी विचारलं. त्यांनी टाक्यांवरून नजर फिरवली. मग म्हणाले की ते आता कसं सांगणार.

म्हणजे रानातली कासवं वाचावीत म्हणून आम्ही रानातली कासवं धरतो, त्यांना भोक पाडतो आणि सिमेंटमध्ये ठेवून मारतो. मला स्वतःची शरम वाटते आहे. ताबडतोब निघून जावं, हाच पहिला विचार आला. पण या नव्याला इथे टाकून जाणं मला जमणार नाही.

२३ नोव्हेंबर, शनिवार

नव्याचा डावा डोळा गढूळ झाला आहे.

टाकीतच काहीतरी रोग असणार, म्हणून मी त्याला बादलीत काढलं, टाकी घासली, जांभळ्या औषधाने धुतली, उन्हात कोरडी केली. दुपारी परत आत सोडलं. संध्याकाळी उजवी झडप फाटलेली होती. टाकीत चावणारं दुसरं कुणी नाही. आणि फाटली तीही त्याच जागी, तशीच, तीन दातऱ्यांची. हीच झडप मी आठवडाभर रोज पुसली होती.

वेणूबाईंना हाक मारून दाखवलं. त्या हात पुसत आल्या, एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "त्या टाकीत घातला का तसाच व्हतो. पयल्यापासून." शिवाय ते बरंच आहे असंही म्हणाल्या. कोर्टाची माणसं फोटो ताडून बघतात, आणि फोटो जुळतो. कुणाला खोटं बोलावं लागत नाही.

आता ते माझ्या मगाच्या आवाजाला मान वर करून येतं. ऐटीत. मी त्याला खायला घातलं आणि पळत खोलीत आले.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळपासून ते तिरकं तरंगायला लागलं. पुढचं मला ठाऊक होतं. सर कामासाठी बाहेर गेले होते. वेणूबाई भात निवडत होत्या. मी बादली उचलली आणि निघाले.

आधी, जिथून त्याला धरून आणलं त्या तळ्यावर गेले. तिथे पत्रे ठोकलेत आणि आत पायलिंगचं मशीन धडधडतंय. पत्र्याच्या सावलीत हरिचंद्र बसला होता. बादलीत डोकावून हळहळला. "तलं बुजवला बिल्डरनी. हा शेवटचा व्हता. आता कासव कुठशी आणू?" त्याला खरंच काळजी लागली होती, पण कासवाची नाही, टाकीची.

मग रिक्षा करून बदलापूर गावाकडून नदीवर गेले. उतारावर गाळ होता, चपला हातात घेतल्या. बादली वाकवली. ते जरा वेळ काठाशी थांबलं, मग पाण्यात शिरलं. तिरकं नाही, सरळ. खाली खाली जाताना कवच दिसलं आणि मग नुसतं पाणी. मी एकटीच टाळ्या वाजवल्या. धुणं धुणाऱ्या बायका माझ्याकडे बघून हसल्या, मीही हसले. असा आनंद मला कितीतरी दिवसांत झाला नव्हता.

आता सर काढून टाकू देत की.

२७ नोव्हेंबर, बुधवार

त्यांनी काढून टाकलं नाही. ओरडलेही नाहीत. टाकीच्या काठावर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले की तुझा जीव मोठा आहे. जिज्ञासानेही असंच सोडलं होतं.

मग ते हरिचंद्रला फोन करायला गेले. परत येऊन शांतपणे म्हणाले की यापुढे तो काही आणू शकणार नाही. पुढच्या आठवड्यात कोर्टाची माणसं येणार आहेत, पण टाकी भरेल. नेहमीच भरते. मी आराम करावा.

मला बोलणी खायची सवय आहे. ही माया मला सोसेना.

आज दिवसभर डावा डोळा चुरचुरतोय.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

डोळ्यावर साय धरली आहे. आरशात पांढरा दिसतो.

बदलापूर स्टेशनजवळच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी बॅटरी मारून पाहिलं आणि म्हणाले की हे जुनं आहे, जन्मापासूनचं असावं. मी म्हटलं, परवापर्यंत मला दोन्ही डोळ्यांनी दिसत होतं. ते कंपाउंडरकडे बघून हसले. उजव्या मांडीमागची कातडी फाटली आहे, ती त्यांना दाखवलीच नाही. तीन दातऱ्या. रक्त नाही.

परत आले ती सरळ वेणूबाईंसमोर उभी राहिले आणि जिज्ञासाचं काय झालं ते विचारलं. त्या खोबरं खवत होत्या. न थांबता सांगितलं. तिने कोपऱ्यातल्या टाकीतलं सोडलं. हरिचंद्रला तेव्हा ताप होता, त्याने काही आणलं नाही. तरी टाकी भरली. "टाकी रिकामी ठेवाची नाय बाय. पानी वाट बगतं." एवढंच.

मी कोपऱ्यातल्या टाकीपाशी गेले. ती पंजे भिंतीला लावून बघत होती. माझ्या खिडकीकडे नाही. खिडकीतून फळी दिसते, तिच्याकडे. मी आतून चष्मा आणला आणि तिच्यासमोर धरला.

मान हळूहळू पुढे आली. काचेला नाक टेकलं. तशीच राहिली.

मी काय बघितलं ते मला लिहायचं नाही.

३० नोव्हेंबर, शनिवार

पळाले. पिशवी खांद्याला लावून कल्याणच्या बसमध्ये बसले. उल्हासनगर येईतो हातांची कातडी तडकायला लागली, ओठ सुकले, श्वास वरच्या वर राहायला लागला. शेजारच्या सिंधी आजींनी त्यांची बाटली माझ्या तोंडाला लावली, "पानी पियो बेटा, पियो" म्हणत राहिल्या. पिऊन उपयोग नव्हता. मला ते अंगावर हवं होतं. वालधुनीच्या पुलावर उतरले. खालचं काळं पाणी बघून त्यातही उतरावंसं वाटलं, तेव्हा घाबरून रिक्षा केली आणि परत आले.

मामलेदाराच्या टाकीत हात बुडवला. श्वास आला.

पाणी कोमट होतं. कुणीतरी गोगलगायी घालून ठेवल्या होत्या.

१ डिसेंबर, रविवार

एकच उपाय आहे. दुसरं कासव.

हे मीच लिहिते आहे. ज्या हाताने टाळ्या वाजवल्या त्याच हाताने.

सकाळपासून ओली ओढणी अंगाला गुंडाळून हिंडले. बेलवलीतल्या विहिरीवर स्लॅब पडला आहे. दुसऱ्या विहिरीत निर्माल्य आणि प्लास्टिक. खाचरं कोरडी. नदीकाठी गाळात हात घालून बघितलं, ज्याला सोडलं त्यालाच हाका मारल्या, मामलेदार, मामलेदार. ये ना. मी त्याला परत न्यायला गेले होते. देवा.

कुठेच नाहीत. आपण सगळी संपवली आहेत आणि मला एक हवंय.

२ डिसेंबर, सोमवार

मिळालं.

बदलापूर गावात जनाबाई म्हणून म्हातारी. परसातल्या विहिरीत कासव, पाणी निर्मळ राहावं म्हणून सासऱ्यांनी सोडलेलं. मी केंद्राचं ओळखपत्र दाखवलं. विहीर बुजणार आहे, मी कासवाला वाचवायला आले, म्हटलं. म्हातारीने पोहरा सोडून स्वतः वर काढून दिलं. बादलीत घालताना त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि मला म्हणाली, "तुझा भला व्होवो."

मादी आहे. पोटात अंडी, बोटांना लागतात.

टाकीच्या काठावर बादली ठेवून दुपारभर उभी राहिले. टाकता येईना. अंडी आहेत गं. उद्या

३ डिसेंबर

आज टाकणार. मेले तरी चालेल असं म्हणायला सोपं असतं. मला मरायचं नाही. मला घरी जायचंय.

बादली उचलेना. बोटांच्या मधे कातडी आली आहे, मूठ वळत नाही. एका बाजूला कलते आहे, सरळ उभं राहता येत नाही. छातीत पाणी —

वेणूबाई आल्या. त्यांना म्हटलं, हिला या टाकीत घाला. मग म्हटलं, नको, नको, नदीत सोडा, जनाबाईला परत द्या, काहीही करा, या शेडमध्ये ठेवू नका. त्यांनी बादली उचलली. टोकाला एक जुनी टाकी आहे, तिच्यात पाणी भरून तिला ठेवलं. म्हणाल्या, "रव दे. पुढं लागंल."

मीच आणली तिला. मीच —

आईला फोन लावला. ती हॅलो हॅलो म्हणत राहिली. मी बोलत होते. कुणीच बोलत नाही म्हणून तिने ठेवला.

४ डिसेंबर

आज खोलीत झोपले नाही. टाकीत बरं वाटतं.

मगाचा आवाज झाला. मान वर गेली. मी नाही केली, आपोआप —

दुपार

पेन्सिल दोन पंजांत धरून

उद्या कोर्टाची माणसं. सर आलेत. डोळ्यांत पाणी. म्हणतात, तुझ्यासारख्यांमुळेच हे काम टिकलंय.

वायर लावली. ड्रिल —

सांगितलं त्यांना. सर, मी संजीवनी. फलटणची. आईचा नंबर सांगितला, तोंडपाठ आहे. बापाचं नाव. शाळेचं नाव. सगळं ओरडून ओरडून —

ते वेणूबाईंना म्हणाले, हे किती शांत आहे बघा, जरा म्हणून त्रास नाही.

पुन्हा ओर